लहान मेंदूतला ब्रेक, तो ऐकणाऱ्या पेशी आणि तुमची झोपेची गोळी

औषधांच्या दुकानात आणि ऑनलाइन बाजारात हल्ली 'गाबा' नावाच्या गोळ्या मिळतात. डबीवर लिहिलेलं असतं: मन शांत, झोप गाढ, ताण कमी. ते वाचून तुमच्यापैकी बरेच जण विचारतात, "डॉक्टर, मेंदूला शांत करणारं रसायन गाबा आहे ना? मग ते बाहेरून घेतलं तर बिघडलं कुठे?"

प्रश्न सरळ आहे आणि विचारायलाच हवा. पण याच प्रश्नाचं एक दुसरं रूप घराघरात दिसतं आणि मला त्याची जास्त काळजी वाटते. आजींना रात्री झोप लागत नाही, म्हणून काकांच्या डबीतली अर्धी गोळी त्यांना दिली जाते. आजी झोपतात. पहाटे उठून बाथरूमकडे जाताना तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. घरचे म्हणतात, "वय झालं, पडायच्याच." गोळीचा आणि पडण्याचा संबंध कुणाच्या लक्षातही येत नाही.

दोन्हींमागे एकच समज आहे. शांतता म्हणजे एक पदार्थ, तो मेंदूत कमी पडला की वरून ओतायचा, गाडीत पेट्रोल भरतो तसा. माझ्या मते ही समज चुकीची आहे आणि महागातही पडते. ती का चुकीची, हे समजून घ्यायला मेंदूच्या एका भागाकडे जरा निवांत पाहावं लागेल. डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर बसलेला लहान मेंदू. तिथल्या काही पेशी मेंदूतला 'थांब' हा निरोप कसा टिपतात, हे गेल्या काही दशकांत हळूहळू उलगडत गेलं आहे. ते एकदा कळलं, की गोळीकडे बघण्याची तुमची नजर बदलेल, असं मला वाटतं.

नाव लहान, कारभार मोठा

लहान मेंदूचं वजन संपूर्ण मेंदूच्या साधारण दहा टक्के. पण २००९ साली ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या मेंदूतल्या पेशी मोजल्या, तेव्हा एकूण सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी तब्बल ६,९०० कोटी या एवढ्याशा भागात असल्याचं आढळलं. म्हणजे दहापैकी आठ.

या पेशी करतात काय? तुम्ही चहाने काठोकाठ भरलेला कप उचलता आणि एकही थेंब न सांडता ओठांपर्यंत आणता. सुईत दोरा ओवता. रांगोळीची रेघ एका ठिपक्यापासून निघून नेमकी दुसऱ्या ठिपक्यावर थांबते. हात हलवण्याचा हुकूम मोठ्या मेंदूकडून येतो. पण तो किती जोरात हलावा आणि कुठे थांबावा, याचा हिशेब लहान मेंदू ठेवतो. हा हिशेब चुकला की हात लुळा पडत नाही. ताकद शाबूत राहते, पण हात कपाच्या पुढे जातो किंवा अलीकडेच थांबतो. पाय फाकवून चालावं लागतं, जीभ जड होते, बोलणं तुटक होतं. दारू प्यालेल्या माणसाचं चालणं आणि बोलणं आठवा. त्यातला बराचसा भाग म्हणजे लहान मेंदूवर झालेला दारूचा परिणाम.

थांबवणं हेही काम आहे

लहान मेंदूच्या सालीत एक भव्य पेशी आहे. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी ती १८३७ साली सूक्ष्मदर्शकातून पाहून तिचं वर्णन केलं, म्हणून तिला पर्किंजी पेशी म्हणतात. तिचा आकार भिंतीवर सपाट पसरलेल्या झाडासारखा असतो. फांद्यांवर एक लाखाहून जास्त जोडण्या असतात. त्यांतून येणारे निरोप ऐकून ती आपला एकच निर्णय पुढे पाठवते.

तो निर्णय कोणत्या भाषेत जातो? १९६४ साली जपानचे मासाओ इतो आणि त्यांचे सहकारी योशिदा यांनी दाखवलं, की पर्किंजी पेशी पुढच्या पेशींना उत्तेजित करत नाही, ती त्यांना रोखते. आणि लहान मेंदूच्या सालीतून बाहेर जाणारी वाट या एकाच पेशीची. म्हणजे एवढा हिशेब करून ही साल बाहेरच्या जगाला जे सांगते, ते सगळं 'थांब, थांब, आता जरा कमी थांब' याच शब्दांत सांगते. कुंभार चाकावर मडकं घडवताना हाताचा दाब कमीजास्त करतो, तसंच काहीसं.

त्यात आणखी एक पदर आहे. खुद्द पर्किंजी पेशीलाही रोखणाऱ्या छोट्या पेशी तिच्या आजूबाजूला असतात. त्यांतल्या काही तिच्या बुंध्याभोवती टोपलीसारखं जाळं विणतात, त्यांचं नावच टोपली पेशी. काही तिच्या फांद्यांवर टेकतात, त्या तारा पेशी. या दोघींचा निरोप जातो गाबा या रसायनातून. निरोप पोचला की पर्किंजी पेशी क्षणभर गप्प होते आणि तिने ज्यांना दाबून ठेवलं होतं त्या पेशी मोकळ्या होतात. ब्रेकवर ब्रेक लागला, की गाडी पुढे जाते.

इथे एक गोष्ट मनात पक्की करा. तेच गाबा एका जागी सोडलं तर हालचाल थांबते आणि दुसऱ्या जागी सोडलं तर हालचाल मोकळी होते. रसायन तेच असतं. अर्थ ठरतो तो जागेवरून आणि वेळेवरून. मग जागा आणि वेळ सांभाळतं कोण?

ज्यांना आपण नुसता गोंद समजलो

मेंदूत चेतापेशींखेरीज आणखीही पेशी आहेत. १८५६ साली जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्खो यांनी त्यांना ग्लिया हे नाव दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ गोंद. चेतापेशींना जागच्या जागी धरून ठेवणारा मसाला, इतकीच तेव्हा त्यांची किंमत. नाव चिकटलं आणि समजही चिकटली. पुढची शंभरेक वर्षं या पेशींना वेगळं काही काम असेल, असं फार थोड्यांना वाटलं. चेतापेशींसारखे विजेचे ठोके त्या देत नाहीत, त्यामुळे विजेचे ठोके मोजणाऱ्या यंत्रापुढे त्या मुक्याच दिसल्या.

लहान मेंदूत पर्किंजी पेशींच्या ओळीतच एका खास प्रकारच्या ग्लिया राहतात. १८५७ साली कार्ल बर्गमन यांनी त्यांचे उभे तंतू पाहिले, म्हणून त्यांना बर्गमन ग्लिया म्हणतात. त्यांचं धड खाली, पर्किंजी पेशीच्या शेजारी असतं आणि तिथून तंतू थेट मेंदूच्या पृष्ठभागापर्यंत चढत जातात. बाळाचा मेंदू घडत असताना नवीन चेतापेशी याच तंतूंना धरून, दोरीवरून उतरावं तशा, आपल्या जागी खाली उतरतात. मोठेपणी या तंतूंना असंख्य बारीक पातळ पापुद्रे फुटलेले असतात आणि ते पर्किंजी पेशीच्या जोडण्यांना लपेटून बसतात. उंदरांमध्ये एका पर्किंजी पेशीभोवती साधारण आठ बर्गमन ग्लिया असतात.

म्हणजे जिथे टोपली पेशी किंवा तारा पेशी पर्किंजी पेशीला 'थांब' म्हणते, त्याच्या अगदी लगत ग्लिया पेशी बसलेली असते. इतक्या जवळ बसून तिला काही ऐकू येत नसेल का?

ऐकू कसं जातं

येतं. आणि ते निदान तीन वाटांनी येतं.

पहिली वाट साफसफाईची. निरोप देऊन झाल्यावर गाबा तिथेच रेंगाळून चालत नाही. ते लगेच उचलावं लागतं, नाहीतर 'थांब' हा शब्द शेजारच्या पेशींनाही ऐकू जाईल आणि थांबायचं तेवढं थांबण्याऐवजी सगळंच थांबेल. ग्लिया पेशींच्या कडेवर गाबा आत ओढणारे वाहक असतात, फिरत्या दारांसारखे. गाबाचा एकेक कण आत येताना आपल्याबरोबर सोडियमचे विद्युतभारित कण घेऊन येतो. त्यामुळे ग्लिया पेशीत सोडियम थोडं वाढतं आणि विजेचा अगदी बारीक प्रवाह निर्माण होतो. झाडणाऱ्या बाईला जसं कचऱ्यावरून कळतं की काल घरात किती पाहुणे येऊन गेले, तसं ग्लियाला उचललेल्या गाबावरून कळतं की आत्ता इथे किती अटकाव झाला. ही दारं उलटीही फिरू शकतात, म्हणजे पेशीतलं गाबा बाहेरही टाकू शकतात, हेही २००२ साली मेंदूच्या पातळ कापांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं.

दुसरी वाट थेट कानांची. गाबा ओळखणारे ग्राहक जसे चेतापेशींवर असतात, तसेच ते बर्गमन ग्लियांवरही सापडले आहेत. १९९४ साली उंदरांच्या मेंदूवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की पिल्लं लहान असताना या ग्लिया पेशी गाबाला जोरदार प्रतिसाद देतात आणि पिल्लं वाढत जातात तसा तो प्रतिसाद ओसरत जातो. मेंदूची जुळवाजुळव चालू असते, तेव्हा हे कान जास्त उघडे असतात.

यातली गंमत बघा. ग्राहकाचं दार उघडलं की क्लोराइडचे कण ये-जा करतात. मोठ्या चेतापेशीत क्लोराइड कमी असतं, म्हणून ते बाहेरून आत शिरतं आणि पेशी शांत होते. ग्लिया पेशीने क्लोराइड आधीच आत साठवलेलं असतं, म्हणून तिथे ते आतून बाहेर पडतं आणि पेशीचा विद्युतभार उलट दिशेने सरकतो. एकच शब्द, चेतापेशीला तो 'गप्प बस' असा ऐकू येतो आणि शेजारच्या ग्लियाला 'जागी हो' असा.

तिसरी वाट पोटॅशियमची. चेतापेशी ठोके देते तेव्हा पोटॅशियम बाहेर टाकते आणि ते उचलण्याचं काम ग्लियांकडे असतं. चेतापेशीला कुणी गप्प केलं, की हा पुरवठा घटतो. पाटाचं पाणी कमी झालं, की वरच्या शेतात कुणीतरी दार लावलं हे खालच्या शेतकऱ्याला न बघताही समजतं, तसंच हे.

ऐकून पुढे काय?

नुसतं ऐकून गप्प बसणाऱ्या पेशींचं एवढं कौतुक करायचं कारण नाही. त्या ऐकून काहीतरी करतात, हे महत्त्वाचं.

२०१० साली दक्षिण कोरियातल्या शास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं, की लहान मेंदूतल्या ग्लिया पेशी स्वतःही गाबा सोडतात. ठोक्याठोक्याने नाही, तर मंद आणि सतत. खोलीत एसीची एकसुरी घरघर असावी, तसा हा मागचा अटकाव सतत चालू असतो. तो ज्या वाहिनीतून बाहेर पडतो असं त्यांनी म्हटलं, तिच्याबद्दल पुढे इतर प्रयोगशाळांनी शंकाही काढल्या. विज्ञानात ते व्हायलाच हवं. २०१६ साली उंदरांवर झालेल्या आणखी एका अभ्यासात दिसलं, की बर्गमन ग्लियांमधले दोन वेगवेगळे संकेत पर्किंजी पेशीला मिळणाऱ्या अटकावावर परस्परविरुद्ध परिणाम करतात. म्हणजे ग्लिया ब्रेकचा निरोप ऐकतेही आणि ब्रेक किती लागावा यात हातही घालते.

"पण उंदराच्या मेंदूतल्या या बारकाव्यांचा माझ्याशी काय संबंध?" असं तुम्ही म्हणाल. संबंध आहे. २०१२ साली शास्त्रज्ञांनी उंदरांच्या फक्त बर्गमन ग्लियांमधून उत्तेजक निरोप ऐकणारे ग्राहक काढून टाकले. चेतापेशींना धक्का लावला नाही. तरी त्या उंदरांच्या बारीक हालचालींमधला ताळमेळ बिघडला. त्याआधी २००६ साली, माणसांत तोल आणि दृष्टी दोन्ही घालवणाऱ्या एका आनुवंशिक आजारातलं सदोष प्रथिन उंदरांच्या फक्त बर्गमन ग्लियांमध्ये घातलं गेलं. पर्किंजी पेशी निरोगी होत्या, तरी त्या झिजत गेल्या. माणसांतही मधूनमधून तोल जाण्याचा एक दुर्मीळ आजार आहे, ज्यात बिघाड असतो तो ग्लिया पेशींवरच्या एका वाहकाच्या जनुकात.

ही तिन्ही उदाहरणं उत्तेजक बाजूची आहेत, अटकावाच्या बाजूची नाहीत. त्यांतून गाबाबद्दल थेट काही सिद्ध होत नाही, हे मान्य. पण एक गोष्ट त्यांतून ठामपणे कळते. चेतापेशी धडधाकट असूनही शेजारची ग्लिया बिघडली, तर माणूस अडखळतो. या पेशी नुसता गोंद नाहीत.

आता गोळीकडे येऊ

हे सगळं वाचल्यावर 'गाबा कमी आहे, गाबा घ्या' या सल्ल्याकडे पुन्हा पाहा.

पहिली अडचण साधी आहे. तोंडाने घेतलेलं गाबा मेंदूत फारसं पोचतच नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक कडक पहारा असतो आणि तो गाबाला सहसा आत सोडत नाही. मेंदू आपलं गाबा स्वतः जागच्या जागी तयार करतो. त्यामुळे डबीतल्या गाबाने बहुतेकांचं नुकसान होत नसेल, पण जे वचन देऊन ती विकली जाते ते पाळलं जाईल असा भरवसाही नाही. नुकसान होतं ते खिशाचं आणि वेळेचं. झोप का लागत नाही याचा शोध तेवढा लांबतो.

दुसरी अडचण खोल आहे. समजा, गाबा मेंदूत पोचलं आणि सगळीकडे एकदम वाढलं. मग काय होईल? याचं उत्तर औषधशास्त्राकडे आहे. व्हिगाबाट्रिन नावाचं अपस्माराचं औषध मेंदूतलं गाबा मोडणारं एन्झाइम बंद करतं, त्यामुळे गाबा वाढतं. तान्ह्या बाळांच्या एका गंभीर प्रकारच्या झटक्यांत ते खूप उपयोगी ठरतं. पण त्याने काही रुग्णांची कडेची नजर कायमची कमी होऊ शकते, म्हणून ते देताना डोळ्यांवर लक्ष ठेवावं लागतं. टियागाबिन नावाचं दुसरं औषध गाबा उचलणारी दारंच अडवतं. झटके आटोक्यात यायला मदत होते, पण गुंगी आणि चक्कर यांची तक्रार नेहमीची. झटक्यांसारख्या संकटात ही किंमत मोजणं योग्य ठरू शकतं. आठवडाभर झोप नीट लागली नाही म्हणून ती कुणी मोजू नये.

आणि तिसरी गोष्ट त्या अर्ध्या गोळीची. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, लोराझेपाम ही एकाच कुळातली औषधं. ती गाबा तयार करत नाहीत. जिथे गाबा येऊन ग्राहकाला चिकटलं आहे, तिथे ती दार जास्त वेळा उघडायला लावतात. म्हणजे मेंदू स्वतः जो 'थांब' कुजबुजतो आहे, त्याचा आवाज ती वाढवतात. पण हा आवाज मोठ्या मेंदूत वाढतो तसाच लहान मेंदूतही वाढतो. झोपेसाठी जो आवाज हवा होता, तो तोल सांभाळणाऱ्या हिशेबातही घुसतो. गोळीला माहीत नसतं, की आजींना फक्त झोप हवी होती, पायांतला अंदाज गमवायचा नव्हता. दारू या ग्राहकांवर काम करते तेव्हाही असंच होतं. म्हणून दारू आणि ही गोळी एकत्र घेणं विशेष धोक्याचं. श्वाससुद्धा मंदावू शकतो.

अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या संस्थेची, ज्येष्ठांनी टाळावीत अशा औषधांची एक यादी आहे. बीअर्स निकष या नावाने ती ओळखली जाते. ६५ वर्षांच्या पुढच्या व्यक्तींना या कुळातली औषधं शक्यतो देऊ नयेत, असं त्या यादीत स्पष्ट म्हटलेलं आहे. कारणं: पडणं, हाड मोडणं, गोंधळलेपण, स्मरणावर परिणाम. आपल्याकडेही अल्प्राझोलम, डायझेपाम यांसारखी औषधं शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत आणि विक्रीची वेगळी नोंद दुकानदाराने ठेवायची. कायदा आहे. तरी शेजारच्या काकांची डबी मात्र कायद्याच्या बाहेरच राहते.

"मग या गोळ्या वाईटच का?"

नाही. आणि हे मी जोर देऊन सांगतो, कारण असे लेख वाचून काही जण उद्यापासून गोळी बंद करतात.

अपस्माराचा झटका थांबतच नसेल, तेव्हा शिरेतून दिलेलं लोराझेपाम जीव वाचवतं. तीव्र भीतीच्या झटक्यांत, काही प्रकारच्या स्नायूंच्या ताठरपणात, दारू सोडताना होणाऱ्या धोकादायक त्रासात ही औषधं डॉक्टरांच्या हातातलं भरवशाचं साधन आहेत. थोड्या दिवसांसाठी, ठरावीक कारणासाठी, ठरावीक मात्रेत.

तुम्ही किंवा तुमच्या घरचं कुणी अनेक महिने रोज ही गोळी घेत असेल, तर ती एकाएकी बंद करू नका. मेंदूला त्या वाढलेल्या आवाजाची सवय झालेली असते आणि त्याने स्वतःचे कान थोडे मिटून घेतलेले असतात. गोळी अचानक थांबली की अटकाव एकदम कमी पडतो. झोप उडते, हात थरथरतात, जीव घाबरा होतो, आणि काहींना चक्क झटके येतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा थोडी थोडी कमी करत ती सोडवता येते. त्याला काही आठवडे लागतात, कधी महिने. घाई करू नये.

'वय झालं' म्हणण्याआधी

माझा दुसरा आग्रह तोल जाण्याबद्दल आहे. चालताना झोक जाणं, हे म्हातारपणाचं ठरलेलं लक्षण समजून सोडून देऊ नका. त्यामागे औषध असू शकतं. झोपेच्या गोळ्या तर आहेतच, पण अपस्मारासाठी वर्षानुवर्षं घेतलं जाणारं फेनिटॉइन रक्तात जास्त झालं तरी लहान मेंदू बिघडतो. डोळे हलू लागतात, बोलणं जड होतं, चाल बिघडते. रक्त तपासून मात्रा दुरुस्त केली, तर अनेकदा हे सुधारतं. वर्षानुवर्षांची दारू, ब-१ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा आजार, आनुवंशिक आजार अशी कारणांची यादी मोठी आहे. त्यांतल्या काहींवर चांगले उपाय आहेत, पण ते वेळेत सापडले पाहिजेत.

घरी काय पाहाल? बोलणं पूर्वीपेक्षा अडखळत आहे का. शर्टाचं बटण लावताना, चमचा तोंडाकडे नेताना हात ऐनवेळी थरथरतो का. पाय फाकवून चालावं लागतं का. जिना उतरताना कठडा सुटत नाही का. सरळ रेषेत पावलापुढे पाऊल टाकत चालता येतं का, हे पाहायचं असेल तर शेजारी कुणाला तरी उभं करून मगच पाहा.

एक गोष्ट मात्र थांबण्यासारखी नाही. अचानक, काही मिनिटांत भयंकर चक्कर, उलट्या, उभं राहता न येणं, बोलणं जड होणं किंवा एकाचे दोन दिसणं सुरू झालं, तर 'पित्त झालं असेल' म्हणून लिंबूपाणी देत बसू नका. लहान मेंदूतला पक्षाघात असाच येऊ शकतो. त्यात हातपाय लुळे पडतीलच असं नाही, आणि म्हणूनच तो नजरेतून निसटतो. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा. लक्षणं किती वाजता सुरू झाली, ती वेळ लक्षात ठेवा. तिथे पहिला प्रश्न तोच असेल.

माझं म्हणणं थोडक्यात

ग्लिया पेशी अटकाव कसा ऐकतात, यावरून उद्या लगेच एखादं औषध निघेल, असं मी म्हणत नाही. वर सांगितलेले बहुतेक प्रयोग उंदरांवरचे आहेत, त्यांतले बरेच मेंदूच्या पातळ कापांवरचे. 'मेंदूच्या नव्या पेशी सापडल्या, आता सगळे आजार बरे' अशी बातमी कुणी पाठवली, तर ती पुढे ढकलण्याआधी जरा थांबा.

पण एक शहाणपण या प्रयोगांतून आजच घेता येतं. मेंदूतली शांतता हे एक सतत चाललेलं काम आहे. कोणती पेशी, कुठे, किती वेळ थांबली पाहिजे, हे क्षणोक्षणी ठरत असतं. ते ठरवण्यात चेतापेशींबरोबर त्यांना लपेटून बसलेल्या ग्लियाही सामील असतात. निरोप ऐकतात, उरलेलं गाबा उचलतात, लागेल तसं थोडं परत सोडतात. त्या कामात आपण गोळीने हात घालतो, तेव्हा सगळीकडे एकाच वेळी घालतो. म्हणून तो हात विचारपूर्वक घालावा, थोडा वेळ घालावा आणि वेळेवर काढून घ्यावा.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल, तेव्हा घरातल्या ज्येष्ठांची सगळी औषधं एका पिशवीत घालून घेऊन जा. झोपेची, 'टेन्शनची', चकरेची, शेजारच्यांनी दिलेली, ऑनलाइन मागवलेली, सगळी. आणि विचारा: यातली कोणती तोलावर परिणाम करते? ती अजून लागते का? लागत नसेल तर ती कशी आणि किती दिवसांत कमी करायची? हे विचारताना संकोच करू नका. उत्तर द्यायला डॉक्टरांना पाच मिनिटं लागतील, आणि कदाचित त्यामुळे आजींचं खुब्याचं ऑपरेशन टळेल.